लोखंडी मुखवट्याचा शाहीर

यंदाच्या गणपतीत माझा भाचा डोंबिवलीहून आमच्याकडे आला तो पाठीवर भली मोठी थैली घेऊनच. मोदकांवर आडवा हात मारून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, आजोबांच्या त्या जुन्या तबकड्या आहेत ना अजून?"

मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या त्या दोन-अडीचशे तबकड्या कपाटात पडून आहेत आणि आमच्यामागे त्यांना कोणी वाली नाही, ही खंत मला गेली कित्येक वर्षे आहे. मी लगबगीने किल्ली काढली, धूळ झटकली आणि नाट्यगीतांची एक लाँगप्ले त्याच्या हाती दिली. त्याने ती यंत्रावर चढविली. ऑर्गनचे सूर घुमले, तबल्यावर पहिली थाप पडली आणि आता गवई तोंड उघडणार, एवढ्यात या पठ्ठ्याने सुई उचलली! पुन्हा मागे नेऊन ठेवली. पुन्हा उचलली. असे पंधरा-वीस वेळा.

"अरे, पुढे जाऊ दे की! गाणं पुढेच आहे."

"मला गाणं नकोय मामा. मला हे दोन सेकंदच हवेत."

बरे, त्या दोन सेकंदांतही नेमका एक ओरखडा! माझी धाकटी बहीण, म्हणजे याची आई, आठ वर्षांची असताना तिच्या हातून सुई घसरली होती, त्याची ती खूण. लाँगप्लेची एक फेरी पावणेदोन सेकंदांहून किंचित अधिक. म्हणजे दर फेरीला एकदा 'टक्' हे आलेच. मी म्हटले, दुसरी चांगली घे. तर म्हणतो, "नको नको, हीच हवी!"

उलगडा दोन दिवसांनी झाला. बहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "दादा, तू तरी सांग रे त्याला. ऐरोलीची चांगली नोकरी सोडून हा रॅपवाल्या पोरांना बीट करून देत बसणार म्हणतोय. तुझं ऐकतो तो."

वडीलधाऱ्याने उपदेश करायचा तर ज्या धंद्याविरुद्ध करायचा त्याची थोडी तरी माहिती हवी, असे माझे आपले जुने मत आहे. मी भाच्याला बोलावून घेतले आणि विचारले, "आजवर कमाई किती?"

"एका मुलाने पंधराशे रुपये कबूल केलेत."

"दिले?"

"देणार आहे."

"बरं. या धंद्यात तू ज्याला देव मानतोस, त्याची मला सारी हकीगत सांग. मग मी बोलेन."

त्याने खिशातून दूरध्वनी काढला आणि एक चित्र माझ्यापुढे धरले. चित्रातल्या माणसाला चेहराच नव्हता! रोमन योद्ध्यासारखा एक धातूचा मुखवटा आणि त्याच्या भोकांतून रोखून पाहणारे दोन डोळे. "हा एमएफ डूम," भाचा म्हणाला. त्यानंतरचे दोन महिने मी या मुखवट्याच्या मागे लागलो आहे. जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

भूमिगत म्हणजे कोण?

आधी थोडे त्या दोन सेकंदांविषयी. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एक घरगुती नाचगाण्याची मेजवानी झाली. तबकड्या लावणारा तरुण जमैकाहून आलेल्या कुटुंबातला. पुढे तो कूल हर्क म्हणून प्रसिद्धीस आला. गाण्यात गायक थांबून नुसता ताल वाजतो, त्या तुकड्यावर मंडळी जास्त रंगून नाचतात, हे त्याने हेरले होते. पण तो तुकडा असावयाचा चार-आठ सेकंदांचा. हर्कने युक्ती काढली: एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायच्या आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा. असा तो तुकडा लांबत राही आणि त्यावर कोणी तरी तालात बोलू लागे. हिप-हॉपचा जन्म या मेजवानीत झाला असे मानतात. पुढे तुकडा टिपून घेऊन हवा तितक्या वेळा वाजविणारे 'सॅम्पलर' नावाचे यंत्र आले आणि दोन तबकड्यांची कसरत संपली. तालावर बोलणारा तो रॅपर आणि तो ताल, ती सारी बैठक तयार करणारा तो प्रोड्यूसर. आपल्या भाषेत एक शाहीर, तर दुसरा त्याचा ढोलकीवाला, तुणतुणेवाला आणि झीलकरी सारे एका देही! एकमेकांना शब्दांनी चीत करण्याची त्यांची झुंज पाहिली, तेव्हा तर मला आमच्या गावच्या जत्रेतल्या कलगी-तुऱ्याचीच आठवण झाली.

आता 'अंडरग्राउंड' म्हणजे भूमिगत. भूमिगत म्हटले की आमच्या पिढीला घरच्या वडीलमाणसांनी सांगितलेले बेचाळीसचे दिवस आठवतात. हे भूमिगत तसे नव्हेत. यांच्यामागे पोलीस नसतात, घरमालक असतो. ज्यांच्या तबकड्या बड्या कंपन्या काढीत नाहीत, जे पाचशे-हजार प्रती स्वतः काढून दुकानोदुकानी ठेवतात, मोटारीच्या डिकीतून विकतात, विद्यापीठाच्या आकाशवाणीवर रात्री दोन वाजता कोणी लावील या आशेवर जगतात, ते हे लोक.

एक भाऊ आणि एक मुखपृष्ठ

डूमचे खरे नाव डॅनियल डुमिले. जन्म १३ जुलै १९७१, लंडनचा. आई त्रिनिदादची, वडील झिंबाब्वेचे. मूल लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेले आणि पोरगा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढला. हा लंडनचा जन्म वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो शेवटी आडवा येणार आहे.

डॅनियल आणि त्याचा धाकटा भाऊ यांनी मित्राला घेऊन 'केएमडी' नावाचा संच काढला. धाकट्याने नाव घेतले डीजे सबरॉक, थोरल्याने झेव्ह लव्ह एक्स. १९८९ मध्ये दुसऱ्या एका संचाच्या गाण्यात थोरल्याने एक कडवे म्हटले, ते लोकांना आवडले आणि इलेक्ट्रा या बड्या कंपनीशी करार झाला. १९९१ मध्ये 'मिस्टर हूड' हा पहिला संग्रह आला. कोवळा आवाज, भरपूर विनोद, काळ्या माणसाला लागणाऱ्या टोचण्या हसत हसत सांगितलेल्या. विशीतल्या पोरांना आणखी काय हवे?

दुसऱ्या संग्रहाचे काम संपत आले होते. १९९३ च्या एप्रिलमध्ये लाँग आयलंडचा हमरस्ता ओलांडताना सबरॉकला मोटारीने उडविले. त्यात तो गेला.

थोरल्याने एकट्याने काम पुरे केले. संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतः एक चित्र काढले: काळ्या लोकांची टिंगल करणारे गोऱ्यांनी रूढ केलेले जे एक व्यंगचित्र, त्यालाच फाशी दिलेली. त्याचा रोख होता की असली टिंगल आम्ही फासावर चढवीत आहोत. परंतु एका व्यापारी साप्ताहिकाच्या लेखिकेने त्या चित्राचा अर्थ उलटाच घेतला, ओरड झाली आणि कंपनी घाबरली. १९९४ मध्ये संग्रह निघण्याच्या तोंडावर कंपनीने तो रद्द केला आणि करारही मोडला. तयार ध्वनिफिती त्याच्या हातात परत दिल्या.

वाचकहो, क्षणभर कल्पना करा. भावाचे शेवटचे वाजविणे ज्या फितीत आहे ती फीत घेऊन बावीस वर्षांचा मुलगा कचेरीबाहेर येतो. भाऊ नाही, काम नाही. ती फीत रीतसर बाजारात यावयास पुढे अनेक वर्षे जावी लागली. मधली तीन-चार वर्षे तो जवळजवळ बेघर होता. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकत, कधी बाकावर झोपत काढली, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. धंद्यातले लोक त्याला विसरले. तो गेला की जिवंत आहे, याचीही कोणी चौकशी केली नाही.

तोंडावर पायमोजा

१९९७-९८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे'त एक माणूस उभा राहू लागला. पोर्तोरिकन कवींनी १९७३ मध्ये चालू केलेला हा अड्डा. कोणीही यावे, आपले म्हणून दाखवावे, अशी तेथली रीत. या माणसाने तोंडावर बायकांचा तलम पायमोजा ओढलेला असे. चेहरा दिसत नसे. आवाज मात्र जाड, घोगरा, शब्द एकमेकांत अडकवीत चाललेला. कोवळ्या आवाजाचा झेव्ह लव्ह एक्स तो हाच, हे फार थोड्यांनी ओळखले.

पायमोजा गेला, मुखवटा आला. चित्रकथांच्या पुस्तकांत डॉक्टर डूम नावाचा एक खलपुरुष आहे. चेहरा विद्रूप झाल्यामुळे तो लोखंडी मुखवटा घालून जगावर सूड घेतो. डॅनियलने ते रूप उचलले. 'एमएफ' म्हणजे 'मेटल फेस', धातुमुखी. पुढे 'ग्लॅडिएटर' चित्रपटातील शिरस्त्राणाची नक्कल मिळाली, ती कापूनकोरून एका चित्रकार मित्राने त्याला बेतून दिली. गाण्यांतही तो 'मी' न म्हणता 'तो खलपुरुष' असे स्वतःविषयी बोले. चेहऱ्याकडे बघू नका, ऐका, असे तो सांगे. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढला की आतला माणूस गावाला दिसेनासा होतो, देवच दिसू लागतो. तोच हा प्रकार, पण देवाऐवजी राक्षस.

त्याला पहिला हात दिला तो बॉबिटो गार्सिया या गृहस्थाने. कोलंबिया विद्यापीठाच्या आकाशवाणीवर तो आणि त्याचा जोडीदार १९९० पासून मध्यरात्रीनंतर चार तास रॅप लावीत. पुढे कोट्यधीश झालेले कितीतरी रॅपर कराराआधी तेथे येऊन गेले. बॉबिटोने 'फॉन्डल एम' नावाची चिमुकली कंपनी काढली होती. तिने १९९७ मध्ये डूमची पहिली तबकडी आणि १९९९ मध्ये 'ऑपरेशन: डूम्सडे' हा संग्रह काढला. जुन्या गोड गोड प्रेमगीतांचे तुकडे कापून त्यावर हा घोगरा बुवा मेलेल्या भावाविषयी बोलतो. मी ऐकला. निम्मे शब्द कळले नाहीत; पण एका ठिकाणी मी यंत्र बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कंपनी २००१ मध्ये बंद पडली.

तळघरातला कारागीर

माझ्या भाच्याचा खरा ओढा मात्र शाहिराकडे नसून ढोलकीवाल्याकडे आहे. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड गावचा ओटिस जॅक्सन, म्हणजेच मॅडलिब. याच्याविषयी भाचा बोलू लागला की जेवण थंड होते. लॉस एंजेलिसच्या एका टेकडीवरच्या घरात, अणुबॉम्बच्या भीतीने पूर्वी कोणी बांधून ठेवलेल्या तळघरात त्याची खोली होती. 'भूमिगत' ही पदवी याला शब्दशः लागू! घर 'स्टोन्स थ्रो' या लहान कंपनीचे. तिचा संस्थापक स्वतःला पीनट बटर वुल्फ म्हणवतो (शेंगदाण्याच्या लोण्याचा लांडगा! या मंडळींच्या बारशाला कोण आत्याबाई असतात कोण जाणे). नावाला हसू आले तरी माणूस दुःखातून आलेला. त्याचा जोडीदार रॅपर १९९३ च्याच डिसेंबरात गोळीला बळी पडला होता, आणि मित्राबरोबर केलेले काम जगापुढे यावे म्हणूनच त्याने १९९६ मध्ये ही कंपनी काढली.

२००२ मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेला, तेथे जुन्या तबकड्या विकत घेतल्या आणि साव पावलोच्या हॉटेलच्या खोलीत एक लहानसा सॅम्पलर आणि हातात मावणारे तबकडीयंत्र एवढ्यावर बीट रचले. त्यांतले काही डूमच्या वाट्याला आले. काम अर्धे झाले असताना कच्ची फीत चोरीला जाऊन जगभर पसरली. दोघेही वैतागले आणि काम सोडून निरनिराळ्या दिशांना गेले. मग पुन्हा बसून डूमने आपला आवाज अधिक मंद, अधिक जड केला आणि मार्च २००४ मध्ये 'मॅडव्हिलनी' निघाला. बावीस तुकडे, सारे मिळून शेहेचाळीस मिनिटांच्या आसपास. बहुतेकांना ध्रुपद नाही; सुरू झाले म्हणेपर्यंत संपतात. आज जाणकार लोक त्याला भूमिगत हिप-हॉपचे शिखर मानतात.

मॅडलिबचा आणि आपला एक धागा आहे. २००७ मध्ये त्याने हिंदी चित्रपटांच्या जुन्या तबकड्या कापून एक संग्रह केला. नावातच 'इन इंडिया' आहे. मी कान देऊन ऐकत असता मुंबईच्या स्टुडिओत वाजलेली सारंगी, व्हायोलिनचा ताफा, खलनायकाचे हास्य असे एकेक ओळखीचे पाहुणे डोकावून जात होते. ज्यांनी ते वाजविले त्या वादकांची नावे आमच्याही तबकड्यांवर कधी छापली गेली नाहीत, हे त्या वेळी मनात आल्यावाचून राहिले नाही.

कारण या धंद्यातली खरी भानगड येथेच आहे. दुसऱ्याचा तुकडा घ्यावा तर परवानगी हवी, पैसे हवेत. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने असल्या खटल्याचा निकाल बायबलातील चोरी न करण्याच्या आज्ञेनेच सुरू केला! २००२ मध्ये एका अमेरिकन गायिकेच्या गाजलेल्या गाण्यात १९८१ च्या 'ज्योति' चित्रपटातील लताबाईंचा आवाज जसाच्या तसा वाजत होता. संगीतकार बप्पी लाहिरींचे नाव नव्हते. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि नावाशिवाय तबकडी विकू नये असा हुकूम झाला. बड्या कंपन्यांना वकील परवडतात; तळघरातल्या कारागिराला एक तुकडा महाग पडला तर वर्षाची कमाई जाते. म्हणून तो असे तुकडे शोधतो की मालकालाही आपले मूल ओळखू येऊ नये. मला हे पटत नाही. मी भाच्याला तसे स्पष्ट सांगितले. तो गप्प बसला.

भाच्याच्या देव्हाऱ्यात आणखी एक तसबीर आहे. डेट्रॉइटचा जेम्स यॅन्सी, ऊर्फ जे डिला. सॅम्पलरमध्ये एक सोय असते: हाताने वाजविलेला ठोका यंत्र आपोआप अचूक मात्रेवर आणून बसविते. डिलाने ती सोय हवी तिथे सोडून दिली. त्याचा एखादा ठोका किंचित आधी, एखादा किंचित मागे, जसा मुरलेला तबलजी समेच्या अवतीभोवती खेळतो तसा. पुढे हाडामांसाचे ढोलकवादक यंत्रावरच्या त्या चुका शिकू लागले! त्याला रक्ताचा दुर्धर आजार जडला. २००५ मध्ये रुग्णालयाच्या खाटेवर लहान सॅम्पलर आणि तबकडीयंत्र घेऊन तो काम करी. बोटे आखडली की आई ती चोळून देई. 'डोनट्स' हा सारा संग्रह खाटेवरच झाला ही आख्यायिका पुरती खरी नाही, बराच भाग आधीचा आहे. पण आईने चोळलेली बोटे खरी आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस तो चाकांच्या खुर्चीतून युरोपात कार्यक्रम करून आला. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, संग्रह निघाला. तीन दिवसांनी तो गेला. त्याचे यंत्र आता वॉशिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयात काचेआड ठेवले आहे.

आपल्या अंगणात

हे सारे लोण आपल्याकडे कसे आले, त्याचा इतिहास मोठा नाही, पण चटकदार आहे. कुर्ल्याच्या नेझीने वडिलांनी आणलेल्या आयपॅडवरच ताल धरला, त्यावरच आवाज घेतला, त्यावरच गल्लीत चित्रण केले आणि २०१४ च्या जानेवारीत 'आफत' गाणे जगापुढे टाकले. अंधेरीच्या डिव्हाइनने पुढल्याच वर्षी त्याला घेऊन 'मेरे गली में' केले. ताल दिल्लीच्या सेझचा. २०१९ मध्ये यांच्यावर बेतलेला 'गली बॉय' चित्रपट आला आणि गल्ली मोठ्या पडद्यावर गेली. मला मात्र 'स्वदेशी' हा मुंबईचा संच अधिक भावला. त्यातला एमसी मवाली चक्क मराठीत बोलतो. आरेच्या जंगलासाठी झगडणारे प्रकाश भोईर यांच्याबरोबर त्यांनी वारली लोकांवर गाणे केले. ते ऐकताना लोकसंगीत आणि यंत्राचा ठोका परके वाटत नाहीत. त्याच संचातला गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड २०२२ मध्ये गेला. वय अवघे चोवीस. या धंद्याच्या नशिबी अल्पायुष्य का लिहिले आहे, मला कळत नाही.

पारपत्र

डूमविषयी एक गोष्ट मला खटकली, तीही सांगून टाकतो. २००७ च्या सुमारास त्याच्या काही कार्यक्रमांत मुखवट्याआड दुसराच माणूस उभा असे! लोक चिडले, आरडाओरडा झाला. त्याने विचारता सांगितले की मी लेखक, मी दिग्दर्शक, भूमिकेला कोणाला पाठवायचे ते मी ठरवीन. भाचा म्हणतो, ही थोर कल्पना आहे. मी म्हणतो, तिकिटाचे पैसे परत करावेत. आमच्या संगीत नाटकांत मुख्य नटाऐवजी दुय्यम उभा केला तर पिटातले लोक कनात फाडीत.

२०१० मध्ये युरोपचा दौरा संपवून तो घरी निघाला. अमेरिकेच्या दारात त्याला अडविले. लंडनचा जन्म, आणि जन्मभर अमेरिकेत राहूनही तेथले नागरिकत्व त्याने कधी रीतसर घेतलेच नव्हते. बायकोमुले आत, हा बाहेर. ज्या इंग्लंडची त्याला आठवणही नव्हती, तेथे त्याला संसार मांडावा लागला. २०१७ च्या डिसेंबरात त्याचा चौदा वर्षांचा मुलगा वारला. तो स्वतः ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्स शहरात गेला, वय एकोणपन्नास. आणि जगाला हे कळले दोन महिन्यांनी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, घरच्यांनी सांगितले तेव्हा. मधले दोन महिने लोक त्याच्या नव्या गाण्याची वाट पाहत होते.

ही सारी हकीगत मी बहिणीला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "मग? तू त्याला नोकरी सोडू नकोस म्हणालास ना?"

मी तसे म्हणालो नव्हतो. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पंधराशे रुपये हातात पडल्याशिवाय पुढचे काम द्यायचे नाही. यापुढे प्रत्येक कामाचा कागद करायचा, आणि तो आमच्या बँकेतल्या जुन्या स्नेह्याला, वकिलाला, दाखवायचा. आणि ज्या तबकडीचा तुकडा घेशील, तिच्यावरच्या ऑर्गनवाल्याचे आणि तबलजीचे नाव शोधून काढून आपल्या गाण्याखाली लिहायचे. तिसरी अट ऐकून तो म्हणाला, "मामा, ती नावं कव्हरवर नाहीतच." मी म्हटले, "शोध. नोकरी सोडल्यावर वेळ काढशीलच की." अजून त्याने राजीनामा दिलेला नाही. नावांपैकी एक सापडले आहे.

गेल्या आठवड्यात तो आईला घेऊन आला. थैलीतून यंत्र काढले आणि माझ्यापुढे ठेवले. ऑर्गनचे तेच सूर, जरा संथ केलेले, खालून भरदार ठोका, आणि दर चार मात्रांमागे, नेमके समेच्या किंचित नंतर, एक बारीक 'टक्'.

बहीण सोफ्यावर सरळ होऊन बसली. "अरे, ही... दादा, ही तीच ना? बाबांनी मला मारलं होतं ती?"

"तीच," मी म्हटले.

तिने मुलाला ते पुन्हा लावायला सांगितले.